गादेवार सरांची डावी शिंगं

चिंचलगीच्या ग्रामपंचायतीत नरसिंग गादेवार सरांनी हात वर केला तो पंख्याचा वारा लागतो का ते बघायला, असं त्यांच्या पत्नी पंचफुलाबाई आजही म्हणतात. सरांचं म्हणणं वेगळं आहे. गावात बीएस्सी झालेला माणूस एकच, गावापुढं शास्त्रीय अडचण उभी, आणि अशा वेळी हात वर करायचा नाही तर बीएस्सी व्हायचं कशाला? खरं काय ते त्या पंख्याला माहीत. हात वर झाला एवढं नक्की, आणि सरपंचांनी तो पाहिला.

अडचण गुरांची होती. त्या साली उन्हाळा संपायचं नाव घेत नव्हता. मृग लागायला आला तरी आभाळात ढगाचा तुकडा नव्हता. उदगीर-देवणी पट्ट्यातली सगळी तळी आटली होती, फक्त चिंचलगीच्या तळ्यात गुडघाभर पाणी तग धरून होतं. कडबा संपला तशी आसपासच्या गावांतल्या लोकांनी दावी सोडली, आणि सुटलेली गुरं पाण्याचा वास काढत चिंचलगीला आली. दिवसभर माळावर पांगायची, लोकांच्या छपराचं पाचट ओढायची, आणि पाण्यापुरती तळ्यावर यायची. शाळेत तर एका गाईनं खिडकीतून तोंड घालून भूगोलाचा नकाशा खाल्ला. महाराष्ट्र संपवून ती कर्नाटकात शिरली होती, तेव्हा शिपायानं तिला पाहिलं.

गुरांना छावणी मिळाली की कडबा येणार होता. पण छावणीच्या अर्जात सातवा रकाना होता, "मालक नसलेल्या जनावरांची नेमकी संख्या". तलाठ्यानं "अंदाजे तीनशे" लिहून पाठवलं. अर्ज परत आला. सरपंचांनी "पाचशे" लिहून पाठवलं, साहेब लोक कापूनच देतात या हिशेबानं. तोही परत आला, आणि "नेमकी" या शब्दाखाली कुणीतरी लाल शाईनं दोन रेघा मारल्या होत्या. लातूर जिल्हा होऊन चार वर्षं झाली होती. नव्या घरात नवी सून जशी प्रत्येक डबा पुसून ठेवते तसं नव्या जिल्ह्याचं चाललं होतं, सगळं नेमकं हवं होतं. महिनाअखेरपर्यंत आकडा गेला नाही तर चिंचलगीचं नाव यादीतून जाणार होतं, आणि रोज एकदोन गुरं तळ्याच्या वाटेवर बसायला लागली होती. एकदा बसलेलं जनावर उठेलच असं नव्हतं. हे सरांनाही दिसत होतं.

गुरं सरळ मोजायची तर ती एका जागी येत नव्हती. सकाळी आलेली पांढरी-काळी गाय आणि संध्याकाळी आलेली पांढरी-काळी गाय एकच की दोन, हे देवणी जातीच्या गुरांबद्दल ठरवणं भल्याभल्यांना जमत नाही. सरपंचांनी तीनदा माणसं बसवली. तीन आकडे आले आणि तिघांत भांडण झालं.

तेव्हा सर उठून म्हणाले, "सगळी न मोजता आकडा सांगता येतो. तीन आठवडे द्या."

मागून कुणीतरी विचारलं, "मोजायचं न्हाई आन् आकडा सांगायचा?"

"हाव," सर म्हणाले.

सर मूळचे हिमायतनगरचे, नांदेड जिल्ह्यातले. मागच्या वर्षी आषाढात त्यांची बदली चिंचलगीच्या हायस्कुलात झाली. बसवंतअप्पांच्या घराच्या माडीवर ते भाड्यानं राहायचे. खाली अप्पांचं दुकान होतं, त्यात रंग, दोर, खिळे, कुलपं, बैलांच्या गळ्यातले घुंगरू असं सगळं मिळायचं, आणि सल्ला न मागता मिळायचा. अप्पा लिंगायत, गळ्यात इष्टलिंग, कपाळावर भस्माचे तीन पट्टे, बोलणं कमी. त्यांच्या पत्नी शांतम्मा बोलणं आणि काम दोन्ही भरपूर करायच्या.

सभेतून आल्यावर सरांनी दुकानाच्या फळीवर प्रयोग करून दाखवायचं ठरवलं. शांतम्मांकडून पायलीभर तूर मागून घेतली. त्यातले पन्नास दाणे काढून कुंकवात घोळवले, परत तुरीत टाकले, पायली हलवली आणि एक ओंजळ भरली. ओंजळीतले एकूण दाणे मोजले, लाल दाणे मोजले. पहिल्यांदा रंगवलेले गुणिले आता हातात आलेले, भागिले त्यात सापडलेले लाल. झाला पायलीतल्या तुरीचा आकडा. सरांनी तो पाटीवर लिहिला आणि लोकांकडे असं पाहिलं, की वर्गात टाळ्या वाजवायची पद्धत असती तर त्या वाजल्या असत्या.

शांतम्मांनी कुंकवाच्या तुरीचं वरण कसं करायचं ते विचारलं. अप्पांनी बराच वेळ पाटीकडे बघितलं आणि म्हणाले, "सर, समदं खरं. पण पायलीतली तूर चालत फिरत न्हाई, आन् तिला कुणी लळा लावल्याला न्हाई."

सरांनी हा शेरा अडाणीपणात जमा केला.

आता रंग लागायचा. सरांनी लाल तैलरंगाचा डबा मागितला. शिंगाला लावायचा म्हटल्यावर अप्पांनी सरांकडे जरा निरखून बघितलं, आणि आतून गेल्या सालचा शिल्लक डबा आणला. म्हणाले, "ह्यो शिंगाचाच हाय. पर सर, पंधरा दिवस लवकर न्हाई का होत?"

"शास्त्रात लवकरच करावं लागतं, अप्पा," सर म्हणाले. अप्पांनी मान हलवली. या माणसाची भक्ती मोठी दिसते, असं त्यांनी रात्री जेवताना शांतम्मांना सांगितलं. जी काही चूक झाली ती इथंच झाली, पण तिचा आवाज आला नाही.

सर नियमानं चालणारे होते, म्हणून आधी परवानगीचा अर्ज केला. नव्या जिल्ह्याच्या एका कचेरीतून उत्तर आलं की जनावराच्या अंगावर खूण करायची तर मालकाचं ना-हरकत पत्र जोडावं. सरांनी लिहिलं की जनावरांना मालक नाही, तोच तर प्रश्न आहे. उत्तर आलं, तसं असल्यास मालक नसल्याबद्दल मालकाचं पत्र जोडावं. सरांनी तो कागद घडी करून खिशात ठेवला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी डबा, ब्रश आणि निवृत्तीला घेऊन तळ्यावर गेले.

निवृत्ती म्हणजे शाळेचा शिपाई, नकाशावरच्या गाईला हाकलणारा तोच. निवृत्तीला आणखी दोन वर्षांनी निवृत्त व्हायचं होतं, आणि तोवर आपण धडधाकट राहावं अशी त्याची माफक अपेक्षा होती. ठरलं असं, की त्यानं जनावराला पुढून हुरूप द्यायचा आणि सरांनी बाजूनं येऊन शिंग रंगवायचं. फक्त डावं. दोन्ही का नाहीत, तर खूण ही खूण असते, ती नटवणं नव्हे, असं सरांचं मत होतं. हे मत त्यांनी निवृत्तीला गाळात उभं राहून दहा मिनिटं समजावलं.

पहिल्या गाईनं डावं शिंग दिलं. दुसरीनं दिलं. तिसरा एक बैल होता, त्याला डाव्या बाजूनं कुणी आलेलं चालत नसावं. त्यानं मान झटकली, ओलं शिंग सरांच्या डाव्या कानावरून गेलं, आणि सर तळ्यात बसले. उठले तेव्हा कान, कानशील आणि मानेचा निम्मा भाग लालभडक झाला होता. रॉकेलनं पुसलं तेव्हा कातडं जळजळलं, रंग होता तिथंच राहिला. पंचफुलाबाईंनी बेसन लावून पाहिलं, मग दही लावून पाहिलं, मग हसून पाहिलं. डाग गेला नाही. अप्पा म्हणाले की रंग अस्सल आहे, शिंगावर दिवाळीपर्यंत टिकतो.

तीन दिवसांत साठ शिंगं रंगली. सरांनी साठाचा आकडा वहीत लिहून खाली सही केली. आता पंधरा दिवस थांबायचं होतं, रंगवलेली आणि कोरी गुरं नीट मिसळायला. या पंधरा दिवसांत गावानं सरांना जगू दिलं नाही. कुणी म्हणे, लाल शिंगाची गुरं सरकार नेणार. कुणी म्हणे, लाल शिंगालाच कडबा मिळणार. दुसरं ऐकून तिघं-चौघं आपली दावणीची म्हैस घेऊन माडीच्या जिन्याशी आले. सरांनी एकेकाला परत पाठवलं. शास्त्रात वशिला चालत नाही, असं जिन्यावरून सांगताना त्यांचा लाल कान उन्हात चमकायचा आणि लोक कानाकडेच बघायचे. शाळा उघडल्यावर वर्गातही तेच झालं. सर फळ्याकडे वळले की डावी बाजू मुलांकडे यायची. सरांनी उजवीकडून वळायची सवय लावून घेतली, पण आब गेला तो गेलाच.

शेवटची मोजणी सोमवारी सकाळी ठेवायची आणि लातूरहून छावणीच्या साहेबांना समोर उभं करायचं, म्हणजे "नेमकी"खाली परत रेघा नकोत, असं सरांनी ठरवलं. शनिवारी ते लातूरला निघाले. पंचफुलाबाई दारात आल्या आणि म्हणाल्या, "आवो, सोमवारच्या ऐवजी आधी उरकून घ्या की. शांतम्मा म्हणून राहिल्या होत्या, रविवारी इथं..."

"रविवारी कचेरीला सुटी असते. म्हणूनच सोमवार," सर म्हणाले आणि एसटीत बसले. पंचफुलाबाईंनी उरलेलं वाक्य घरात नेऊन ठेवलं.

लातुरात सर मेहुण्याकडे उतरले. मेहुणा बँकेत होता, त्याच्या गल्लीत स्कुटर होत्या, बैल नव्हता. शनिवारी दुपारी सरांनी साहेबांना गाठलं. साहेब वाळलेले, शांत, चष्म्यावरून बघणारे. त्यांनी सगळी पद्धत ऐकून घेतली, एकदा कानाकडे बघितलं, आणि "येतो" म्हणाले. रविवारी मेहुण्याच्या घरी सर दिवसभर खुशीत होते. मेहुण्याला त्यांनी शेंगदाण्यांवर तोच प्रयोग करून दाखवला आणि मग ते शेंगदाणे खाल्ले.

सोमवारी सकाळी जीप तळ्याशी आली. काठावर माणसं बरीच दिसली. आपली मोजणी बघायला पंचक्रोशी लोटली, असं सरांना वाटलं आणि छाती फुगली. उतरता उतरता त्यांनी साहेबांना सांगितलं की आता जी गुरं पाण्यावर येतील त्यांतली साधारण चारांत एक लाल शिंगाची असेल, त्या प्रमाणावरून एकूण आकडा निघेल.

पहिली गाय आली. शिंग लाल. सर म्हणाले, "बघा."

दुसरी आली. लाल. सर म्हणाले, मिसळण छान झालीय.

तिसरी लाल होती. चौथीही. पाचवा एक लंगडा बैल आला, त्याच्या दोन्ही शिंगांना रंग, टोकाला बेगड आणि कपाळावर गोंडा होता. सरांनी ब्रशचे फटकारे आठवून पाहिले. गोंडा त्यांनी बांधला नव्हता. दहावी, विसावी, चाळिसावी, एकही शिंग कोरं नव्हतं. सर वहीत रेघा ओढत गेले, कारण हात चालू होता आणि डोकं बंद पडलं होतं. दहा वाजेपर्यंत चौऱ्याहत्तर गुरं पाणी पिऊन काठावरच्या बाभळींखाली उभी राहिली, आणि चौऱ्याहत्तरही रंगलेली होती.

साहेबांनी सरांच्या हातून वही घेतली आणि कडेला गुणाकार-भागाकार करून पाहिला. साठ गुणिले चौऱ्याहत्तर, भागिले चौऱ्याहत्तर.

"म्हणजे तुमच्या सूत्राप्रमाणं गुरं एकूण साठ," साहेब म्हणाले. "त्यातली चौऱ्याहत्तर मी आत्ता पाहिली."

सर एका दगडावर बसले. आयुष्यात फार थोड्या वेळा माणसाला आपण बसलोय हे नंतर कळतं, तसं ते बसणं होतं. छावणी गेली. इज्जत गेली. वाटेवर बसलेली गुरं आता तिथंच राहणार, आणि हे सगळं एका वर केलेल्या हातामुळं. त्यांना रडू आलं नाही, पण ते येऊन बघून गेलं.

बसवंतअप्पा शेजारी येऊन उभे राहिले. सरांनी विचारलं, हे कुणी केलं?

"कुणी म्हंजे? काल कारहुणवी न्हवती का सर," अप्पा म्हणाले.

हिमायतनगरकडे बैल सजतात ते श्रावण संपताना, पोळ्याला. पोळ्याला अजून अडीच महिने होते, हे सरांनी बरोबर मोजलं होतं. पण कर्नाटकाला लागलेल्या या पट्ट्यात बैलांचा सण ज्येष्ठातल्या पुनवेला येतो. त्याला म्हणतात कारहुणवी. त्या दिवशी गुरं धुवायची, शिंगं रंगवायची, पुरणाची पोळी, इकडं तिला होळगी म्हणतात, ती खाऊ घालायची. गावात एकही शिंग कोरं ठेवायचं नाही. गावातल्या पोरासोरालाही हे माहीत असल्यामुळं सरांना सांगावं असं कुणाला वाटलं नाही. उलट सर पंधरा दिवस आधीच सुरुवात करतायत हे बघून लोकांनी त्यांना मनापासून मानलं होतं.

"पण ही मालक नसलेली गुरं आहेत, अप्पा. यांची शिंगं कोण रंगवणार?"

अप्पांनी नुसतं काठावरच्या माणसांकडे बघितलं. ती मोजणी बघायला आलेली नव्हती. ती कालपासून तिथंच होती, बारा-तेरा गावांची.

साहेबांच्याही ते ध्यानात आलं. त्यांनी विचारलं की यातल्या कुणाचं जनावर आहे का इथं. कुणी बोललं नाही. हो म्हटलं तर साहेब दावं हातात देऊन घरी पाठवायचे, आणि घरी काडी नव्हती. मग एक म्हातारी पुढं आली. नागम्मा तिचं नाव, चार कोस चालत आली होती. तिच्या दोन्ही तळहातांना रंग होता.

"गाय माझी हाय साहेब," ती म्हणाली. "चारा न्हाई म्हणून सोडली. सोडली म्हंजे टाकली न्हाई. सणाला तिचं शिंग कोरं ठिवू का?"

सर दगडावरून उठले. नागम्माची गाय तिच्या मागंच उभी होती आणि तिच्या पदराला तोंड लावत होती. सरांना एकदम फार लाज वाटली, की गेला महिनाभर आपण हिला "मालक नसलेली" म्हणत होतो. त्यांनी तिच्या शिंगांना हात लावला, काहीतरी करावं म्हणून. आणि ते थांबले. डावं शिंग एका रंगाचं होतं, उजवं दुसऱ्या.

"अप्पा, हे असं कसं?"

"तुम्ही डावं केल्तं न्हवं? त्याला परत कशाला रंग नासायचा. एवढ्याशा रंगात समदी गुरं भागवायची व्हती. मीच सांगितलं समद्यांना, सरांच्या डाव्या शिंगाला हात लावू नका." अप्पांनी पुढं अगदी सहज सांगितलं, की सरांना दिलेला डबा गेल्या सालचा, लाल. यंदा आला तो शेंदरी. लांबून सारखाच दिसतो.

सरांनी तिथल्या तिथं अप्पांचे पाय धरायचेच बाकी ठेवले. चौऱ्याहत्तर गुरं अजून बाभळींखाली रवंथ करीत उभी होती. सर म्हणाले, "साहेब, परत बघू. दोन्ही शिंगं शेंदरी ती नवी. डावं लाल, उजवं शेंदरी, ती माझी." निवृत्ती एकेका गुराशी जाऊन डावं शिंग उन्हाकडं वळवून दाखवायचा, सर नावं पुकारल्यासारखं ओरडायचे आणि साहेब स्वतः रेघ ओढायचे. सगळा कळप तपासून झाला. साहेबांनी रेघा मोजल्या. एकोणीस झाल्या. मग चष्म्यावरून त्यांनी सरांच्या डाव्या कानाकडे बघितलं आणि म्हणाले, "वीस धरायच्या का?"

सरांनी अतिशय गंभीरपणे सांगितलं की शिक्षकांना यात धरता येत नाही. वीस धरले असते तर आकडा दोनशे बाविसांवर आला असता, आणि तो चुकीचा ठरला असता. एकोणीसनं भागलं. साठ गुणिले चौऱ्याहत्तर, भागिले एकोणीस. दोनशे तेहतीस पूर्णांक अडुसष्ट शतांश.

"दोनशे चौतीस," सर म्हणाले. त्यांचा आवाज परत वर्गातला झाला होता.

साहेब म्हणाले की पद्धत पटली, पण पुरावा म्हणून हा आकडा दुसऱ्या कुठून ताडून बघता येईल का. सर विचारात पडले. तेवढ्यात पंचफुलाबाईंच्या जोडीनं पाण्याची घागर घेऊन आलेल्या शांतम्मांनी विचारलं, कशाचा आकडा चाललाय. अप्पांनी सांगितलं की काल किती गुरं होती, त्याचा.

"मला विचारायचं की," शांतम्मा म्हणाल्या.

काल गावातल्या घराघरांतून मूठमूठ डाळ जमा झाली होती. एवढ्या दुष्काळात ज्याला त्याला पोटभर होळगी शक्य नव्हती, म्हणून तळ्यावरच्या एका जनावराला एक, असं बायांनी ठरवलं. शांतम्मांच्या चुलीवर पुरण शिजलं. गुरं दिवसभर जशी येतील तशी शिंगं रंगवायची आणि लगेच होळगी भरवायची. एकच जनावर दोनदा येऊन दुसऱ्याचा घास खाऊ नये, म्हणून पद्धत साधी ठेवली होती. दोन्ही शिंगं रंगलेली दिसली, की त्यानं खाल्लेली आहे असं समजायचं.

सरांनी हे ऐकलं आणि त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. विद्यापीठात जे शिकायला त्यांना तीन वर्षं लागली, ते बायांनी पुरण वाटताना काढलं होतं, आणि तेही एकही जनावर न सोडता.

"किती लाटल्या?" साहेबांनी विचारलं.

"दोनशे छत्तीस."

दोन जास्त झाल्या. दोन गुरांचा फरक शास्त्रात काहीच नसतो, हे सर साहेबांना सांगायला लागले, पण स्वतःला पटवता येईना. तेव्हा पंचफुलाबाई हळूच म्हणाल्या, "त्यातल्या दोन घरी हायत. शांतम्मांनी तुमच्यासाठी बाजूला ठेवायला लावल्या. एवढी शिंगं रंगवली म्हणून."

दोनशे चौतीस. साहेबांनी पेनाचं टोपण काढलं. जीपच्या बोनेटवर अर्ज ठेवून सातव्या रकान्यात आकडा लिहिला. मग "मालक नसलेल्या" या शब्दांवर त्यांचं पेन थांबलं. त्यांनी नागम्माकडे बघितलं, ते शब्द सरळ खोडले आणि वर बारीक अक्षरात लिहिलं, "मालक हजर, चारा गैरहजर". इतक्या वर्षांच्या नोकरीत त्यांनी अर्जात भर घातल्याची ही पहिलीच वेळ असावी, कारण लिहून झाल्यावर ते स्वतःच थोडे दचकले.

आठवा रकाना होता "गणनेची पद्धत". सर पुढं सरसावले आणि सूत्र सांगायला लागले. पहिल्या खेपेची खूण केलेली, गुणिले दुसऱ्या खेपेची. साहेबांनी रकाना दाखवला, तो बोटभर होता. त्यांनी त्यात एकच शब्द लिहिला, "होळगीवरून".

सरांनी तो शब्द दोनदा वाचला. मग म्हणाले, "साहेब, कंसात तेवढं लिहा की सूत्रानंही पडताळलं."

साहेबांनी लिहिलं. अक्षर मुंगीएवढं होतं, पण लिहिलं. चौथ्या दिवशी कडब्याचे दोन ट्रक चिंचलगीत आले, आणि वाटेवर बसलेल्या गुरांपैकी बरीचशी त्या वासानं आपली आपण उठली.

त्या सोमवारी दुपारी सर घरी आले तेव्हा पंचफुलाबाईंनी डब्यातल्या दोन होळग्या ताटात वाढल्या. कालच्या, गार, तुपाशिवाय. सर हात धुऊन बसले. पंचफुलाबाईंनी त्यांची हनुवटी धरून मान उजवीकडं वळवली, डाव्या कानावरचा लाल डाग बघितला, मग उजवा कान बघितला. तो कोराच होता.

"एकच बाजू रंगलेली हाय," त्या म्हणाल्या. "म्हंजे अजून खाल्लेलं न्हाई. खा."

सरांनी दोन्ही खाल्ल्या.